ती शिट्टी मी वाजवली नव्हती

मी विमा ऑफिसात क्लेम तपासायचे. आधी कागद दाखवा, मग बोला, हा माझा स्वभाव. जेवणाच्या सुट्टीत कोणी भुताखेताचा विषय काढला की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही...

१९९७चा डिसेंबर. आम्ही माणिकपूरला राहत होतो. रविवारी मी मुलींच्या गाइड पथकाचं काम बघायचे, बिनपगारी, हौस म्हणून. जोडीला फिलोमिना, माझ्याच वयाची, शाळेत शिकवायची. भुईगावच्या किनाऱ्यावर सकाळची सहल ठरली होती. नियोजन माझ्याकडे, आणि त्यात मी फार काटेकोर. पालकांची सह्या केलेली पत्रं, प्रथमोपचाराची पेटी, दर अर्ध्या तासाला मोजणी, शिवाय शिट्टीचे इशारे. पाच आखूड शिट्ट्या, जरा थांबून पुन्हा पाच... म्हणजे हातातलं टाकून किनाऱ्याकडे पळायचं. हा इशारा आम्हीच ठरवलेला, पथकाबाहेर कोणाला माहीत नव्हता.

सहल खरं तर आदल्या रविवारी होती. बस मिळाली नाही म्हणून आठवडाभर पुढे ढकलली.

आम्ही आठच्या सुमारास पोचलो. एकोणीस मुली. समोर लांबवर ओली वाळू, मध्ये एक घोट्याएवढ्या पाण्याचा चर आणि त्यापलीकडे वाळूचा उंचवटा. माझ्या कागदावर लिहिलं होतं, पूर्ण ओहोटी साडेबारा वाजता. म्हणजे पाणी अजून मागेच जाणार. मी निश्चिंतपणे सगळ्यांना त्या उंचवट्यावर नेलं. काड्या आणि शिंपल्यांच्या खुणा शोधत जायचा खेळ होता.

नऊच्या पुढे स्नेहल नावाच्या मुलीचा पाय शिंपल्याने कापला. फिलोमिनाला म्हटलं, "तू इथे बघ, मी हिला पट्टी बांधून आणते." तिला धरून मी सुरूच्या झाडांपाशी आले, समुद्राकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले आणि जखम धुतली. बँडेजचं एक टोक दातांत धरून मी गाठ मारत होते. हे मुद्दाम सांगतेय... माझ्या तोंडात बँडेज होतं.

एवढ्यात मागून पाणी तुडवल्याचा आवाज आला. वळून बघते तर सगळ्या मुली चरातून धावत येतायत, स्कर्ट गुडघ्याच्या वर ओले. शेवटी फिलोमिना, दोन लहानींचे हात धरून.

"काय झालं गं?" तिला धाप लागली होती. "एवढ्या जोरात शिट्ट्या का मारत होतीस?"

"मी? मी नाही मारल्या."

"मेधा, मस्करी नको हं. पाच आणि पाच. दोनदा!"

मी स्नेहलकडे बघितलं. ती म्हणाली, "ताई, मला काहीच नाही ऐकू आलं."

मोजणी केली. एकोणीस. तेवढ्यात किनाऱ्यालगतच्या वाडीतली एक म्हातारी बाई तरातरा आमच्याकडे आली. "बाय, पोरींना तिकडं कशाला नेलंस? आज पुनव हाय. पानी मागून भरते, मग वाट नाय ऱ्हात."

चराकडे बघितलं तर तो घोट्याएवढा चर आता नदीसारखा वाहत होता. थोड्या वेळात उंचवटाही दिसेनासा झाला. आमच्यातल्या जेमतेम पाचसहा मुलींना धड पोहता येत होतं.

मी खिशातला कागद काढला. वरची तारीख खोडून नवी घातली होती, माझ्याच अक्षरात. ओहोटीची वेळ मात्र आदल्या रविवारची तशीच. ती बदलायची राहून गेली होती. फिलोमिनाने माझ्या हातातून कागद काढून घेतला. वाचला. मग मुलींना म्हणाली, "चला, पाय पुसा, डबे काढा."

पुढच्या रविवारी पालकांना बोलावून मी चूक सांगितली. एक वडील उठले आणि मुलीला घेऊन गेले, ती पुन्हा आली नाही. बाकीचे मात्र म्हणत राहिले, "अहो, पण शिट्टी तर तुम्हीच वेळेवर मारलीत ना!" मी नाही म्हटलं की त्यांना तो माझा विनय वाटायचा. ते कौतुक मला सहन व्हायचं नाही. रात्र रात्र कूस बदलत पडायचे.

भुईगावला जाऊन चौकशीही केली. त्या सकाळी दुसरी शाळा नव्हती, खेळ नव्हते, पोलीस नव्हते. पक्षी म्हणावा, तर पक्ष्याला आमचा इशारा कसा ठाऊक? आणि आवाज सुरूंच्या बाजूने, माझ्याच दिशेने आला असं सगळ्या सांगतात. मग तो स्नेहलला आणि मला का ऐकू आला नाही?

२००६ मध्ये नायगावला एका ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटच्या पूजेला गेले होते. तिथे त्या मुलींपैकी संगीता भेटली. लग्न झालेलं, कडेवर मुलगी. जुन्या आठवणी निघाल्या.

"ताई, मी तर सगळ्यांच्या पुढे होते," ती हसत म्हणाली. "शिट्टी ऐकून वर बघितलं, तर तुम्ही चराच्या काठाशी उभ्या. दोन्ही हात हलवून बोलावत होतात. चर ओलांडून आले तर तुम्ही वर झाडांपाशी! म्हटलं, ताई किती भरभर चालतात..."

मी तिला म्हणाले, "संगीता, मी तिथून उठलेच नव्हते गं."

तिचं हसू थांबलं. एवढ्यात कोणीतरी आरतीसाठी हाक मारली आणि ती आत गेली.

काठाशी कोणीतरी उभं होतं एवढं ती सांगून गेली. त्याचा चेहरा माझाच होता का, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही. नंतर दोनदा फोन हातात घेतला, दोन्ही वेळा ठेवून दिला. खरं सांगायचं तर, तिचं उत्तर ऐकायची माझी अजून तयारी नाही.