फोनात भरलेली प्रार्थना

चिखलीच्या जनकाबाईंना घरात बसणं माहीतच नव्हतं. चर्चच्या त्या बायबलबाई. म्हणजे पाळकसाहेबांनी रविवारी उपदेश करायचा, आणि बाकीचा आठवडा बाईंनी हिंडायचं. कुणाच्या घरी दुखणं, कुणाच्या घरी भांडण. तिथं जाऊन बसायचं, डोक्यावर हात ठेवायचा, प्रार्थना करायची. एसटीनं, जीपनं, काहीच नाही मिळालं तर पायी. येताना पिशवीत कुणाची वांगी, कुणाची मुगाची डाळ. नवरा गेल्यावर घर त्यांना खायला उठलं नाही, ते या हिंडण्यामुळंच.

मग गुडघे बोलायला लागले. पुण्याच्या लेकीनं, निवेदितानं, मोठा फोन घेऊन दिला. म्हणाली, "आई, आता घरूनच प्रार्थना पाठव." आणि खोटं कशाला बोला, फोननं सुरुवातीला लाखमोलाचं काम केलं! सुरतेला कामाला गेलेली पोरं, लांब दिलेल्या लेकी, सगळ्यांपर्यंत बाईंचा आवाज पोचला. एकेकाचं नाव घेऊन, एकेकासाठी वेगळी प्रार्थना त्या म्हणायच्या.

पण मागणारे वाढले. ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, त्यांचे पाहुणे. एकदा घसा पार बसला आणि बाईंना शक्कल सुचली. आवाज सुटल्यावर त्यांनी एकच छानशी प्रार्थना फोनात भरून ठेवली: 'प्रभू, या घरातल्या आजाऱ्यावर तुझा हात ठेव, त्याला अंथरुणातून उठव.' नाव नाही, गाव नाही. कुणाच्या दुखण्याचा निरोप आला, की तीच त्याच्या फोनवर ढकलायची. झालं काम! तिकडून 'आमेन बाई' असं लिहून यायचं.

माणूस मात्र येईनासा झाला. कशाला येईल? बाईंचा आवाज ज्याच्या त्याच्या खिशात होता. पूर्वी रस्त्यानं जाणारासुद्धा "बाई, हायेत का घरी?" म्हणून डोकावायचा. आता दुपारी त्या फोन उशाशी घेऊन पडायच्या आणि तो वाजला की दार वाजल्यासारख्या उठून बसायच्या. इतक्या लोकांशी रोज बोलणं, आणि चहा एकटीचाच. फार एकटं वाटायचं. पण सांगणार कुणाला, फोनला?

दुसरबीडची तानुबाई त्यांची जिवाभावाची. तिच्या गल्लीत ख्रिस्ती घर ते एकच. नवरा, शेषराव, लकव्यानं अंथरुणाला खिळलेला, वाचाही गेलेली. पूर्वी बाई महिन्या-महिन्याला जायच्या, मुक्कामाला राहायच्या. आता तानुबाईचा आवाज यायचा, "बाई, यांच्याकरता प्रार्थना करजा," आणि इकडून ती भरलेली प्रार्थना जायची.

त्या सकाळीही निरोप आला. "बाई, यांच्याकरता..." एवढं कानावर पडलं आणि बाईंनी सवयीनं प्रार्थना ढकलून दिली. भाजी चिरायला बसल्या. दुपारी हात रिकामे झाल्यावर, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी तो निरोप पुन्हा लावला आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐकला.

"बाई, यांच्याकरता शेवटची प्रार्थना पाठवा. पहाटे प्रभूनं नेलं त्याइले. पाळकसाहेब परगावी हायेत, अन् आपलं इथं कोणीच नाही. तुमचा आवाज लावून माती देतो."

बाईंनी फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. मग गुडघे गेले खड्ड्यात म्हणून त्या तशाच स्टँडवर गेल्या. गाडीतच त्यांनी ती भरलेली प्रार्थना पुसून टाकली. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय! देऊळगाव राजाला गाडी बदलून दुसरबीडला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं.

माती होऊन गेली होती. तानुबाईचा शेजारी देवानंद दारातच भेटला. कबरीपाशी फोन त्यानंच वर धरला होता. तो खाली बघत म्हणाला, "बाई, त्याच्यातून आवाज आला, का याले अंथरुणातून उठव. लोक एकमेकाच्या तोंडाकडे पाहाले लागले. मले बंदही करता येईना." वाईट बोलला नाही बिचारा. बोलला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

आत तानुबाई भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्यापुढं मटकन बसल्या. दोन्ही हातांनी तिचे हात धरून म्हणाल्या, "तानु, मले माफ कर वं. म्या तुहा निरोप पुरता ऐकला नाही. अन् ते प्रार्थना म्या एकदाच म्हटली होती, सगळ्याइले तेच पाठवत होती."

"मले ठाऊक होतं," तानुबाई म्हणाली. "तेच ते शब्द, रोज. म्या काऊन बोलू? तुमचे गुडघे दुखतात."

बाई रडू लागल्या.

"त्याइले मात्र नव्हतं ठाऊक," तानुबाई रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली. "तुमचा आवाज लावला का हे दाराकडे मान वळवत. वाटे, बाई आल्या. आवाज थांबे, तरी हे दाराकडेच पाह्यत राह्यत."