झोक्यावरचा मुराळी

बोट लागण्याविषयी आमच्या आबांना जेवढं ठाऊक होतं तेवढं मुंबई बंदरातल्या मुरलेल्या खलाशांनाही ठाऊक नसेल, हे मी पैजेवर सांगते. आणि आबांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. आबा म्हणजे माझे चुलतसासरे. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावाला उत्तरेकडे सातपुडा, दक्षिणेकडे तापी आणि मध्ये जिकडे पाहावं तिकडे केळी. समुद्राशी आमचा संबंध मिठापुरता, तेही बाजारच्या दिवशी विकत आणायचं. तरी मी धुळ्याहून लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावून ठेवलं, की आबांपुढे बोटीचा विषय काढायचा नाही, स्वयंपाक राहून जातो. मी काढला नाही, आबांनीच काढला. नव्या सुनेशी थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून ते ओसरीवर बसून चुलीजवळच्या मांजराला सांगू लागले, की बोटीवर चढण्याआधी कोरडी भाकरी खावी, पण अर्धीच. अख्खी खाल्ली तर ती परत येते आणि काहीच खाल्लं नाही तर आतडी वर येतात. मांजराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या तव्यावरची भाकरी मात्र करपली.

या वेडाचं मूळ होती यमू, आबांची एकुलती एक लेक. तिचा नवरा भुसावळला रेल्वेत फिटर होता. तो जास्त पगाराच्या आशेने आफ्रिकेत गेला, तिथेही रेल्वेतच लागला, आणि मागाहून त्याने यमूला नेलं. रावेर स्टेशनावर गाडी सुटताना यमू रडायची थांबेना, तेव्हा आबा तिला म्हणाले होते, "रडू नको माय. आखाजीले मी येतो तुले घ्यायले." बोलून गेले खरे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि खाली उतरायचं नाव घेत नाहीत. पण लेक आपली आपण येत नसते. माहेरच्या माणसाने मुराळी होऊन तिला आणायला जायचं असतं. जावयाने एकदा निरोप पाठवला, की ओळखीचं एक कुटुंब देशी परत निघालं आहे, त्यांच्या सोबतीने यमूला पाठवतो. आबा उसळले, लेक काय परक्यांच्या सोबतीने यायची असते? माझे यजमान मुराळी व्हायला तयार होते, तर आबा म्हणाले, शब्द मी दिलेला, आणि जाणार तू? अडचण एवढीच होती, की बैलगाडीत बैलांकडे पाठ करून बसले तरी वावर येईपर्यंत आबांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा व्हायचा. आफ्रिका तर समुद्रापलीकडे होती.

मग आबांनी ज्ञान गोळा करायला सुरुवात केली. बुऱ्हाणपूरचे एक वयस्क हाजी अत्तर विकायला यायचे. त्यांचं म्हणणं, पोट रिकामं ठेवावं आणि तोंडात खारवलेलं लिंबू धरावं. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला एक हवालदार शेजारच्या गावी होता. तो म्हणे, पोट भरून जेवावं, म्हणजे निदान बाहेर यायला काहीतरी असतं. आबांनी दोघांना ओसरीवर एकत्र बसवून चहा पाजला, दोघांचं भांडण होऊ दिलं आणि शेवटी अर्ध्या भाकरीवर निकाल दिला. पुढे त्यात सुंठ आली, लवंग आली, मीठ लावून वाळवलेली आवळकाठी आली, पोटाला उपरणं घट्ट बांधणं आलं. गाडीत आसाच्या वर बसणाऱ्याला धक्के कमी लागतात, तेव्हा बोटीतही मधोमध जागा धरावी, हा शोध मात्र त्यांचा स्वतःचा. हे ज्ञान ते कोणालाही देत. जळगावला मोटारीने निघालेल्या नवरीला देत, कोर्टात साक्षीला निघालेल्या माणसाला देत. मला दिवस गेले आणि अन्नाचा वासही सोसेना, तेव्हा आबांनी मांजराला बराच वेळ काही समजावलं, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आवळकाठीची पुरचुंडी ठेवलेली दिसली. खोटं कशाला बोलू, मला उतार पडला.

पण खरी तालीम झोक्यावर चाले. आखाजी सरली की गावातले झोके उतरतात, आमच्या निंबाचा झोका बारा महिने टांगलेला असे. झोका हा बायकापोरींचा. त्यावर पागोटं घातलेला, पांढऱ्या मिशांचा बाप्या माणूस पोटाला उपरणं आवळून झुलतो आहे, हे पाहायला पहिल्यांदा लोक वाट वाकडी करून यायचे. पुढे सवय झाली. संध्याकाळी वारा सुटला की मागची केळीची बाग सळसळू लागे, पानं एकामागून एक वाकत आणि उठत, आणि आबा त्या हिरव्या लाटांकडे पाठ करून सातपुड्याच्या रेघेवर डोळे लावून मागेपुढे जात राहत. तोंडात आवळा असे. निंबाखाली येऊन बसलेल्या मांजराला सांगत, "डोये मिटू नको. मिटले की पोटात कालवते. डोंगराकडे पाह्य." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की मी हातातलं निवडणं सोडून बघत राहायची. वाटायचं, हा माणूस आत्ता इथे नाही, कुठेतरी मध्यावर आहे, आणि पलीकडचा काठ त्याला दिसतो आहे. घरात कोणी नसताना मीही एकदा त्या झोक्यावर बसले आणि डोंगराकडे पाहिलं. मला धुळ्याचं घर आठवलं, उतरावंसं वाटेना.

झोका जिंकला, तरी तापी राहिली. पावसाळ्यात पाणी चढलं की आबा गाडी जुंपून नदीवर जात आणि नावेत मधोमध बसत. वर्षानुवर्षं तेच. अलीकडून अर्धी भाकरी खाऊन निघायचे आणि ती मध्यधारेत तापीमाईला अर्पण करायचे. एकदा शेजारी लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं, त्यांचे नवे कपडे खराब होऊ नयेत म्हणून या सद्‌गृहस्थाने स्वतःचं पागोटं पुढे केलं. दरवर्षी आफ्रिका एक आखाजी पुढे जाई. नावाडी त्यांना चांगला ओळखत होता. तो एकदा म्हणाला, "आबा, नाव तं उगीच हालते. तुमचा जीव हालते, त्याले काय करता?" आणि मग एका श्रावणात, नदी दोन्ही काठ धरून चाललेली असताना, ते पलीकडे जाऊन परत आले आणि भाकरी पोटातच राहिली. घरी येईपर्यंत त्यांनी वाटेत भेटेल त्याला बत्तासे वाटले. मुंबईला बोटीची चौकशी करायला माझे यजमान निघाले, आणि त्याच सुमारास विलायतेत लढाई जुंपली. बोटी बुडू लागल्या. यमूची खुशालीही कधीतरीच कळे.

ती सगळी वर्षं आबा झोक्यावर बसत राहिले. त्यांना कोणी हसेनासं झालं. मला हसू यायचं नाही, भीती वाटायची, की यांचे डोळे डोंगरावर असतानाच कधीतरी मिटतील.

लढाई संपली आणि जावयाने तिथली नोकरी सोडली. यमू कायमची परत येणार होती. आता कोणी कुठे जायची गरज नव्हती, असं सगळ्यांनी आबांना सांगितलं. आबांनी कपडे बांधायला घेतले. यजमान आणि मी त्यांना घेऊन मुंबईला गेलो. धक्क्यावर ती प्रचंड बोट लागलेली, शिडीवरून माणसं उतरताहेत, आणि अर्धी भाकरी खाल्लेले, पोटाला उपरणं बांधलेले आमचे आबा त्या गर्दीतून उलटे वर चढताहेत. एका साहेबाने त्यांना अडवलं. आबा हात जोडून म्हणाले, "लेक घ्यायले आलो." साहेबाला काय कळणार? पण शेजारचा खलाशी रत्नागिरीकडचा होता. त्याच्याही घरी लेक असावी. त्याने साहेबाला काहीतरी सांगितलं आणि आबांना वाट करून दिली.

वर काय झालं ते यमूने मला नंतर सांगितलं. ती सामानाजवळ उभी होती. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले, वाटभर उलट्या होऊन गळून गेलेली. आबांनी तिला ओळखायला वेळ लावला नाही. रीतीप्रमाणे जावयाला विचारलं, की लेकीला आखाजीला माहेरी न्यायला आलो आहे, पाठवता ना? जावयाने मान हलवली. मग आबांनी तिचा हात धरला आणि तिला बोटीवरून उतरवून आणलं. खाली आले तेव्हा त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. मी पुढे झाले, तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले, "काही नही सूनबाई. बोट लागली."

त्या आखाजीला यमू हौसेने झोक्यावर बसली, आणि दोन हेलकाव्यांतच तिला भोवळ आली. आबांनी मागून दोर धरून झोका थांबवला, कनवटीचा आवळा काढून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "डोये मिटू नको. डोंगराकडे पाह्य." मग हळूहळू झोका देऊ लागले. ते स्वतः मात्र पुन्हा कधी त्यावर बसले नाहीत. आता आबा नाहीत. कधी जीव हलला की मी त्या निंबाखाली जाऊन बसते. मांजर येऊन जवळ बसतं, मी सातपुड्याकडे पाहते, आणि थोड्या वेळाने बरं वाटतं.