ओल्या गोणपाटाखालचा कॉम्प्युटर

"उभ्या गाडीत माल पिकतो," असं जीवराम नाना उठताबसता म्हणायचे. चहाला उशीर झाला तरी तेच, नातलगांच्या लग्नाला निघताना कुणी रेंगाळलं तरी तेच. नशिराबादच्या त्या घरात त्यांच्या सुनेनं, मोहिनीनं, हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते भिंतीवरच्या घड्याळासारखं तिच्या कानांना सवयीचं झालं होतं.

नानांचं उभं आयुष्य केळीच्या ट्रकवर गेलं. चोपड्याच्या बागांतून हिरवी केळी भरायची आणि ती पिकायच्या आत दिल्ली गाठायची. मग साखरेच्या आजारानं एक डोळा नेला. लायसन्स गेलं, ट्रक विकला गेला, आणि हायवेवरचे हॉर्न ऐकत नाना ओट्यावर बसून राहू लागले. कुणाशी बोलेनात. वाढलेलं ताट तसंच परत येऊ लागलं.

त्यांना पुन्हा माणसात आणलं ते एका गेमनं. मुलानं, हितेंद्रनं, आपला कॉलेजच्या काळातला कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला, कुणाचं तरी वापरलेलं स्टेअरिंग त्याला जोडलं आणि ट्रक चालवायचा गेम टाकून दिला. मग रोज दुपारी नाना टोपी सारखी करून खुर्चीत बसत आणि परक्या देशांतल्या रस्त्यांवरून माल पोचवत. पडद्यावरच्या रस्त्याला एक डोळा पुरत होता. दुखणं एकच. हार्ड डिस्क जुनी. गेम उघडेपर्यंत मोहिनीच्या भाकऱ्या भाजून होत, आणि कधी कधी तर वळणावर पुढचा रस्ताच उशिरा यायचा. नाना तेवढा वेळ ट्रक अधांतरी धरून बसत.

वैशाखात कॉम्प्युटर तापून घरघरू लागला. तापलेल्या मालावर नानांना एकच इलाज ठाऊक होता. त्यांनी गोणपाट भिजवलं, पिळलं, आणि भरल्या गाडीवर टाकावं तसं मायेनं कॅबिनेटवर पांघरलं. जरा वेळानं आतून टकटक ऐकू आली आणि पडद्यावरचा रस्ता विझला. मोहिनीनं गोणपाट उचललं आणि दोरीवर वाळत टाकलं.

हितेंद्र म्हणाला, आता भंगारात द्या. नाना पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. एका दुपारी त्यांचं ताट न शिवता परत आलं, तेव्हा मोहिनीनं शिवणाचे साठवलेले पैसे काढले, कॉम्प्युटर रिक्षात ठेवला आणि नानांना सोबत घेऊन पिंप्राळ्यातल्या योगराजच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली.

योगराजनं झाकण काढून आतली ओल बोटानं टिपली. "नाना, आंघोळ घातली का याले?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. नानांची मान खाली गेली.

"म्याच ओल्या फडक्यानं पुसला होता," मोहिनी म्हणाली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर दाराबाहेर नेली.

बाकीचं वाळलं की चालेल, डिस्क मात्र गेली, असं योगराजनं सांगितलं. मोहिनीच्या पैशात दोनांतली एकच वस्तू बसत होती. एक वापरलेली मोठी हार्ड डिस्क, किंवा नवी, झपाट्यानं चालणारी पण लहान एसएसडी डिस्क, जिच्यात विंडोज आणि हा एवढा एक गेम कसाबसा मावेल. नानांनी एसएसडी तळहातावर घेतली. तिला वजनच नव्हतं. ती खाली ठेवून त्यांनी मोठी डिस्क उचलली, हातात तोलली. गाडी घेताना माल किती बसतो ते आधी बघायचं, ही त्यांची जन्माची सवय.

"हीच घे," ते म्हणाले. "हिच्यात जागा हाये."

"नाना, भराले आपल्याकडे हाये काय?" मोहिनी हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाले माल साठवायचा, का गाडी पळवायची?"

मोठी डिस्क जुन्याइतकीच सावकाश चालणार आणि किती टिकेल याचा भरवसा नाही, हे योगराजनंही सांगून पाहिलं. पण नाना त्याचं ऐकतच नव्हते. चार माणसांत आपली चूक जिनं अंगावर घेतली, तिचा शब्द कसा मोडावा, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. शेवटी त्यांनी मोठी डिस्क हलकेच टेबलावर ठेवली आणि एसएसडी योगराजकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले तेव्हा सगळं बसवून तयार होतं. गेममध्ये नानांनी वाढवलेला ट्रकांचा धंदा मात्र जुन्या डिस्कबरोबर पुसला गेला होता, पुन्हा एका ट्रकपासून सुरुवात करायची होती. खरी गाडी तरी माझी कुठं दुसरी होती, म्हणत नाना बसले. स्टेअरिंग घरी राहिलं होतं, म्हणून बटणांवर बोटं ठेवली. गेम चालू केला आणि ते खुर्चीत नीट टेकतात न टेकतात तोच रस्ता समोर उघडला. वळण आलं. पुढचा रस्ता आधीच तिथं हजर होता. नानांच्या गळ्यातून एक बारीक हुंकार निघाला. गोदामाशी माल उतरवून त्यांनी गेम आपल्या हातानं बंद केला.

मग ते योगराजकडे वळले. "गोणपाट म्या टाकलं होतं रे. तिनं नाही."

योगराज हसला नाही. मोहिनी खाली बघून वायर गुंडाळत राहिली.

ती कॅबिनेट उचलायला वाकली तर नानांनी हात आडवा केला. केळीचा घड घ्यावा तसं ते त्यांनी खांद्यावर घेतलं आणि भर उन्हात रिक्षांच्या थांब्याकडे निघाले. मोहिनी पायरीवरच थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून योगराजही तिच्या मागे येऊन उभा राहिला.