तुमच्याच माणला

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. माझे वडील मारुंजीतल्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर ते वहीत लिहितात, आणि आमच्या घरातलं आजवरचं लेखन तेवढंच. कॉलेजात गेलेला मी पहिला. एखाद्या माणसाबद्दल लिहायचा हक्क तुला कुणी दिला, असं तुम्ही विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्या ड्रायव्हरबद्दल लिहितोय ते स्वतःहून कधी काही बोलणार नाहीत, आणि जे घडलं त्यात माझा हात आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

ते उजव्या हाताचा पंजा कानामागे धरायचे आणि म्हणायचे, "परत सांग."

कान चांगले होते त्यांचे. पण पत्ता कितीही सोपा असला तरी दोनदा ऐकल्याशिवाय ते गाडीला किल्ली लावायचे नाहीत. मी मारुंजीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात सकाळी फोनवर बसायचो आणि दुपारी कॉलेजला जायचो. सुरुवातीला मला त्यांच्या या सवयीचा राग यायचा. मी एकदा सांगितलेलं पुरत नाही, म्हणजे माझ्यावर भरवसा नाही, असं वाटायचं. नंतर कळलं की ते आमच्या शेठनाही दोनदा सांगायला लावतात.

आमचं काम अर्जंटचं. कारखान्यात मशीनचा एखादा भाग बिघडतो, लाईन थांबते, माणसं हात बांधून उभी राहतात. मग तो भाग ट्रकच्या भरवशावर सोडता येत नाही. एक खोका, एक बंद व्हॅन, एक माणूस, आणि आत्ताच्या आत्ता निघायचं. अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. मागे एवढीशी वस्तू दोरीनं बांधलेली असते, बाकी गाडी रिकामी, आणि चालवणाऱ्याचे डोळे लाल. काका त्यांतले एक. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, म्हणून मीही इथे तेवढंच लिहितो.

पन्नाशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं. बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं विसरलोच, असं ते हसत सांगायचे. गाव त्यांचं सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. आणि राहायला कुठे, तर हिंजवडीच्या पलीकडच्या माण गावात, एका शेतकऱ्यानं बांधलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत. जन्म एका माणमध्ये आणि भाडेपावती दुसऱ्या माणची. बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'डबल माण' म्हणून चिडवायचे. कुणी विचारलं, "काका, आधार कार्डावर कुठलं माण?" तर ते म्हणायचे, "ज्या माणमदी झोप लागंल त्ये."

झोप हा त्यांचा मोठा विषय होता. ती त्यांना कुठेही लागायची. ऑफिसच्या पायरीवर, टेकायला भिंत असो नसो, किल्ली मुठीत धरून ते बसल्या बसल्या झोपायचे. फोन वाजला की मूठ आधी हलायची, डोळे मागून उघडायचे. चेहऱ्यावर कायम तो नुकतं उठल्याचा शिणवटा. मी एकदा न राहवून म्हणालो, "काका, एवढं अर्जंट कशाला घेता? रोजचा साधा माल घ्या की."

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "अर्जंट घिऊन गेलं ना, की गेटवर मानसं पळत येत्यात. चांगली शिकल्याली मानसं, टाय लावल्याली. दुसरं कोण पळत येतंय रं आपल्यासाठी?"

वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. त्यांना त्या कामात काय मिळत होतं ते एवढंच होतं, आणि तेच माझ्यामुळे गेलं.

माझी परीक्षा चालू होती. अकराचा पेपर होता आणि साडेनऊला पिरंगुटच्या कारखान्यातून फोन आला. एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे, माणच्या आयटी पार्कातल्या एका इमारतीत पोचवायचं, तिथली एसीची यंत्रणा बंद पडलीय. माल कुठे द्यायचा ते लिहिलेलं चलन पाकिटात बंद, वर इंग्रजीत मुंबईच्या हेड ऑफिसचा पत्ता. पिरंगुटहून घोटावड्यामार्गे माण म्हणजे तासाभराचंही काम नाही. काका बाहेर गाडीची काच पुसत होते. मी हातात हॉल तिकीट घेऊन बाहेर आलो आणि त्यांना सांगितलं की पिरंगुटला खोका उचला आणि माणला पोचवा.

त्यांनी पंजा कानामागे नेला. "परत सांग."

माझी सहा आसनी रिक्षा सुटत होती. मी वैतागून म्हणालो, "अहो काका, माण. तुमच्याच माणला जायचंय."

"आमच्या?"

"हो, तुमच्याच. लोकेशन पाठवतो नंतर."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. तो मला आजही दिसतो. जवळच्या भाड्यानं कुणाचा चेहरा असा उजळत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ते आणखी काही म्हणाले, पण मी तोवर रिक्षात बसलो होतो.

लोकेशन पाठवायचं मी विसरलो. कॉलेजात फोन बंद करून बाहेर जमा करावा लागतो. दोन वाजता फोन सुरू केला तेव्हा काकांचे तीन मिस्ड कॉल होते, आणि कारखान्याचे मोजता येणार नाहीत इतके. मी आधी काकांना लावला.

"कुठे आहात?"

"स्टँडवर. फुडं कुटं जायाचं त्ये सांग. हितं पवनचक्क्यावाल्यांचं हापिस हाय एक, त्ये म्हणत्यात आमचा माल न्हाई."

"कुठल्या स्टँडवर?"

"दहिवडीच्या."

दहिवडी म्हणजे साताऱ्याकडच्या माण तालुक्याचं मुख्य गाव. पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. मग त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "तू कुटलं माण म्हणला व्हतास?"

मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

मी तेव्हापासून या गोष्टीचा किती विचार केला असेल. एकोणीस वर्षं ज्या माणमध्ये त्यांची खोली, ते माझ्या लेखी त्यांचं. मला वाटलं होतं की 'तुमच्याच' म्हटल्यावर आता घोळ होणारच नाही. आणि त्यांना 'तुमच्याच' म्हटल्यावर हे भाड्याच्या खोलीचं माण मनात आलंसुद्धा नाही.

ते दिवेलागणीला परतले. येताना शिरवळजवळ एक ट्रक आडवा झाला होता, त्यात दीड तास गेला. तोवर त्या इमारतीत दुसऱ्या कुणीतरी दुसरीकडून कार्ड आणून बसवलं होतं. गेटवर कुणी पळत आलं नाही. वॉचमननं खोका टेबलाखाली ठेवला आणि पोच म्हणून सही करून दिली.

आमचे शेठ मारुंजीचेच. वाईट माणूस नाही, पण कारखान्याच्या साहेबानं त्यांना फोनवर नको नको ते ऐकवलं होतं. ऑफिसच्या पायरीवर, चार ड्रायव्हरांसमोर त्यांनी काकांना विचारलं. माण म्हणल्यावर शेजारचं माण सोडून माणूस साताऱ्याला कसा जातो? काकांनी ट्रकचं सांगितलं. शेठ म्हणाले, "ट्रक बिक राहू द्या. घरची वढ लागली तुमाला. आईच्या हातचं जेवून आला आसाल, त्याला येळ लागनारच की. अर्जंटच्या गाडीवर गावाला जायचं, हे बरंय."

मी दारातच उभा होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. "पोरानं बराबर सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "माझ्या ऐकन्यात चूक झाली. पर मी कुटं उतरलो न्हाई, शेठ."

"कोन मानंल?" शेठ म्हणाले.

तेव्हा बोलायला माझ्याकडे पुरेसा वेळ होता. माझी नोकरी गेली असती तर पुढच्या वर्षाची फी कशी भरायची, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हे कारण आहे, सबब नाही. मी गप्प राहिलो.

शेठनी त्यांना अर्जंटवरून काढलं. नंतर त्यांच्या वाट्याला खोल्या हलवायचं काम आलं. आयटीतली पोरं दर अकरा महिन्यांनी घर बदलतात. त्यांच्या गाद्या, कूलर, कुंड्या, फळ्या लावलेले स्टँड आणि कधी न वाजवलेल्या गिटारी काका मारुंजीतून महाळुंग्याला आणि महाळुंग्यातून परत मारुंजीला न्यायचे. एकदा माणूस कमी होता म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. लिफ्ट अजून सुरू झाली नव्हती. चौथ्या मजल्यापर्यंत आम्ही गादी चढवली, आणि ते प्रत्येक वळणावर गादीवरच डोकं टेकून उभे राहायचे. चूक माझी होती हे त्या दिवशी सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. मी म्हणालो, "काका, त्या दिवशीचं."

"ह्ये बरं हाय," ते माझं बोलणं तोडत म्हणाले. "कुनाची लाईन थांबल्याली न्हाई. धर तिकडनं."

दिवाळीनंतर त्यांनी खोली सोडली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. घरमालकीण म्हणाली, जाताना फरशी पुसून गेले.

मग मला राहवेना. एका सकाळी शेठ चलनं लावत बसले होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. 'तुमच्याच' हा शब्द, विसरलेलं लोकेशन, तीन मिस्ड कॉल. शेठनी चलनं बाजूला ठेवली. मला वाटलं आता हिशेब करून घरी पाठवणार. पण ते बराच वेळ बाहेर पायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तवाच का न्हाई बोललास?" आणि थोड्या वेळानं, "फोन लाव त्यांना. म्हनावं, या परत."

फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लागला, पण उचलला त्यांच्या थोरल्या भावानं. काका झोपलेत, भाऊ म्हणाले. इथे दूध गोळा करायची गाडी चालवतात, पहाटे उठावं लागतं. उठवू का? मी नको म्हणालो. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, तुम्हालाच एक सांगायचंय. या भावाचं दहिवडीच्या स्टँडवर पंक्चरचं दुकान आहे हे मला काकांकडून माहीत होतं. काका गाडी घेऊन स्टँडवर आले होते तो दिवस आठवतो का, मी विचारलं.

"न आठवायला काय झालं," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

मी शेठना सांगितलं होतं तसंच सगळं त्यांना सांगितलं. खोका दुसऱ्या माणचा होता, चूक माझी होती, आणि ते जेवायला घरी थांबले असं समजून त्यांना कामावरून काढलं, हेही.

"जेवायला?" ते म्हणाले. "आवं, गाडीतनं खाली उतरला न्हाई त्यो. दुकानाम्होरं गाडी लावून फोनवर बोलत व्हता. मी म्हणलं, भाऊ आला, अवचित आला. च्याचा गिलास घिऊन खिडकीशी गेलो. तर म्हणला, दादा, माल दुसऱ्याचा हाय, आन् गाडी वळिवली. गिलास माझ्या हातातच. समदं स्टँड बघत व्हतं. कुनीतरी आईला जाऊन सांगितलं, तुजा ल्योक स्टँडवर यिऊन माघारी गेला, पुन्यात लई मोटा झाला. तवापास्नं ती बोलत न्हाई त्याच्याशी. जेवायला वाडती, पर बोलत न्हाई."

"त्यांनी सांगितलं नाही का, का परत गेले ते?"

"आईनं इचारलंच न्हाई. आन् त्यो काय सांगतोय."

म्हणजे इकडच्या माणमध्ये ते घरी जेवून आले म्हणून काम गेलं, आणि तिकडच्या माणमध्ये ते घरी जेवले नाहीत म्हणून आईनं अबोला धरला.

"थांबा वाईच," भाऊ म्हणाले. फोन तसाच चालू होता. त्यांची पावलं ऐकू आली, दार करकरलं, मग ते आत कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागले. मला शब्द कळत नव्हते. ते थांबले. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आणि तो स्पष्ट आला.

"उठीव त्येला. मी च्या ठिवती."