मोकळा कान

मोहलारला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात तर तिच्या पायाला भिंगरी लागली होती. आमच्या रिश्तान गावात दोन अंगणांमधली भिंत छातीइतकीच असते, त्यामुळे तिच्या येरझाऱ्या मला माझ्या चुलीपाशी बसून दिसत. आईने लग्नात ओढणीच्या गाठीला बांधून दिलेलं भोपळ्याचं बी ती दरवर्षी पेरायची आणि पुढच्या सालासाठी नवं धरायची. गेल्या वर्षी एकही भोपळा धरला नाही. यंदा उरलंसुरलं सगळं बी तिने पेरलं होतं. आता फळ आलं नाही, तर आईचा भोपळा कायमचा संपणार होता.

वेल खुराड्यावर झकास चढला, पण माश्याच नव्हत्या. पलीकडच्या म्हाताऱ्याने मधमाश्यांच्या पेट्या डोंगरात नेल्या होत्या. मोहलारने बोटाने पराग लावून पाहिला, तरी इवली फळं पिवळी पडून गळाली. मग माश्यांसाठी तिने झेंडू लावला. कोंबड्यांनी तो उकरला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अंडी देता म्हणून जिवंत आहात, असा दम ती त्यांना रोज भरायची, आणि कोंबड्या तिला भीक घालत नसत.

शेवटी तिने लावलेला तुळशीसारखा सुवासिक रायहोन टिकला. त्याच्या बुडाशी तिने कुंभाराकडच्या फुटक्या बश्यांचे तुकडे गच्च रोवले, मग कोंबड्यांची नखं चालेनात. तरी माश्या येईनात. येणार कशा? निघणाऱ्या पाहुणीच्या कानावर आम्ही रायहोनची काडी खोचतो, आणि पानं दाट राहावीत म्हणून मंजिरी दिसली की खुडतो. मोहलारही जाता-येता खुडत होती. मंजिरीच नाही तर माशी कशाला येईल, हे तिच्या डोक्यात शिरलं तेव्हा वेलावर थोड्याच कळ्या उरल्या होत्या.

तिने हात आवरला. मंजिऱ्या डवरल्या, आणि नेमकी थोरली नणंद बहरीनिसा आली. चहा झाला. उठताना तिने सवयीने रायहोनकडे हात नेला, तसं मोहलारने तिचं मनगटच धरलं.

"नान न्या, हवं तर कोंबडी न्या, ओपा. याला हात लावू नका."

"मला मोकळ्या कानाने पाठवतेस? घरात कुणी मेलंय का?"

बहरीनिसा तरातरा निघून गेली आणि पुन्हा फिरकली नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला. मलाही ते आवडलं नव्हतं, खरं सांगते.

पुढच्या आठवड्यात रायहोनवर गुणगुण सुरू झाली. भोपळा एकच धरला. तो पिकेपर्यंत मोहलारने घास सुखाने गिळला नाही. कापल्यावर बिया वाळत घातल्या आणि काठी घेऊन राखणीला बसली, कारण कोंबड्या टपलेल्याच. एकदम उठली, अर्ध्या बिया ओढणीच्या टोकाला बांधल्या, उरलेल्या घरात झाकून ठेवल्या आणि मला म्हणाली, चल. एकटीने जायची तिला लाज वाटत होती.

बहरीनिसाने गाठीकडे पाहिलं. "माझ्याकडे कोंबड्या नाहीत, म्हणून आलीस."

"हो," मोहलार म्हणाली. "एकाच घरात ठेवायची भीती वाटते, ओपा. आई एकदा गेली. पुन्हा नको जायला."

बहरीनिसाने बिया आत नेऊन ठेवल्या. आम्ही निघालो, तशी तिने कुंडीतल्या रायहोनची काडी मंजिरीसकट खुडून मोहलारच्या कानावर खोचली.

"आमच्या घरून कुणी मोकळ्या कानाने जात नाही."

वाटभर मोहलार कानावरची काडी हाताने सावरत होती. घरी पोचल्यावर कोंबड्यांवर ओरडलीसुद्धा नाही.