खाटेला बांधलेली लाल पट्टी

म्हापशातल्या एका खाजगी इस्पितळाने माझ्या बायकोला नको ते इंजेक्शन दिले आणि दोष आमच्याच माथी मारणाऱ्या कागदावर माझी सही घेतली. फसवले त्यांनी, फसलो मी.

धारगळला हमरस्त्यावर माझे काजूगरांचे दुकान आहे. शुक्रवारच्या बाजारात टोपली घेऊन बसण्यापासून मी ते उभे केले. पोत्याच्या तळापर्यंत हात घातल्याशिवाय मी माल घेत नाही. असा मी, न वाचता सही करून बसलो.

पुतणीचे लग्न आठवड्यावर आले होते. कासार घरी येऊन सगळ्या बायकांना चुडा भरून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स निघाले. भरती करताना मी डॉक्टरांना तीनदा सांगितले की हिला पेनिसिलिन चालत नाही, पूर्वी एकदा तोंड सुजून श्वास अडकला होता. त्यांनी माझ्यासमोर ते लिहून घेतले आणि नर्सला सांगितले, "ॲलर्जीची लाल पट्टी बांधा."

नर्स बेळगावकडची होती, बोलायला मोकळी.

"मावशी, पट्टी बांधू कुठं? कोपरापर्यंत नुसत्या बांगड्याच हायत तुमच्या. काढा की थोड्या."

"चुडो लग्नाआदी काडूक नाय गो बाय."

"मग ऱ्हाऊ दे. खाटेलाच बांधते. खाट काय पळून जातीय?"

आम्ही तिघेही हसलो. बायकोला पाय होते, पायाला पट्टी बांधता आली असती, हे तेव्हा मला सुचले नाही. पण ते सुचण्याचा पगार मला मिळत नव्हता.

बांगड्यांवर कापड गुंडाळून ऑपरेशन केले. ते चांगले झाले, खोटे कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर एसीचे पाणी ठिबकू लागले म्हणून तिला शेजारच्या खाटेवर हलवले. मी तिची पिशवी, थर्मास, चपला उचलल्या. लाल पट्टी जुन्या खाटेच्या दांड्यालाच राहिली.

दुपारी नवीन डॉक्टर आला. तिला ताप होता. त्याने हाताकडे पाहिले, खाटेकडे पाहिले, लाल काही दिसले नाही. फाइलचे पहिले पान त्याने उलटलेच नाही. पेनिसिलिन सांगून तो पुढच्या खाटेकडे गेला. नर्सही नवीन होती, तिने सुई दिली. मी विचारले, "कसले इंजेक्शन?" ती म्हणाली, "तापाचं आहे, काका."

थोड्याच वेळात बायकोचे ओठ सुजले. तिने माझा हात धरला आणि श्वासासाठी तोंड उघडले, पण श्वास आत जाईना. मी ओरडत सुटलो. लोक धावले, पडदे ओढले. मग मला बाहेर घेऊन म्हणाले, मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावे लागेल, अँब्युलन्स उभी आहे, इथे सही करा. कागद इंग्रजीत होता. बायको जात होती. मी सही केली.

ती वाचली. पण श्वास अडकला तेवढ्या वेळात मेंदूला मार बसला. उजवा हात थरथरतो, शब्द अर्ध्यावर तुटतात. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायची तीच. माझ्या तोंडाला भिऊन गेलेले गिऱ्हाईक ती हाक मारून परत आणायची.

फाइलची प्रत मागायला मी चार खेपा घातल्या. शेवटी मिळाली, तेव्हा मुलीने घरी वाचून दाखवली. माझ्या सहीच्या वर लिहिले होते, 'ॲलर्जीबद्दल नातेवाईकांनी माहिती दिली नव्हती.' भरतीच्या वेळचे पान प्रतीत नव्हतेच.

पण इतका भोळा मी नव्हतो. सुई दिली त्याच संध्याकाळी सामान न्यायला गेलो तेव्हा जुन्या खाटेची पट्टी मी कापून खिशात घातली होती. ती मी इस्पितळाच्या मॅनेजरच्या टेबलावर टाकली. बायकोचे नाव, खाली पेनिसिलिन.

तो म्हणाला, "ही आम्ही नंतर बांधली. खबरदारी म्हणून."

"नंतर? मग ज्या खाटेवर ती तेव्हा नव्हतीच, त्या खाटेला कशी बांधली?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग आवाज मऊ करून म्हणाला, "बाब, शांत व्हा. बिलाचं आपण बघू."

"बिलासाठी आलो नाही. हे वाक्य खोडा."

"फाइलमध्ये खाडाखोड करता येत नाही हो."

"आणि खोटे लिहिता येते?"

त्याने शिपायाला बोलावले. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली आणि स्वतःच बाहेर पडलो.

मुलगी फाइल वाचत होती तेव्हा बायको आतल्या खोलीत जागी होती, हे आमच्या लक्षात आले नव्हते. त्यानंतर काही दिवसांनी तिने मला जवळ बसवले. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मियाच सांगूक इसारलंय काय हो?"

मी सांगितले की आपण सांगितले होते, तीनदा सांगितले होते. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले. आता रोज विचारते, आणि वर माझी माफी मागते. इस्पितळाच्या कागदापुढे माझा शब्द तिला पटत नाही.

तक्रार मी केली आहे, तिचे काय व्हायचे ते होईल. पण ते वाक्य कुणाच्या तरी हाताने लिहिले आहे. तो हात डॉक्टरचा असो, मॅनेजरचा असो, कारकुनाचा असो, त्या माणसाने धारगळला यावे, माझ्या बायकोसमोर बसावे आणि तिला समजेल अशा भाषेत सांगावे, की बाई, तुम्ही सांगितले होते, आम्ही पाहिले नाही. यात मी घासाघीस करणार नाही. इस्पितळवाल्यांनो, कोण येतो ते सांगा.