न पुसलेला आवाज

मुलांनो, दर रविवारी मी तुमच्यासाठी एक आठवण लॅपटॉपवर बोलून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकते. मागच्या हिवाळ्यात अशाच एका रेकॉर्डिंगवरून जे रामायण झालं, त्याचा निकाल तुम्ही सगळ्यांनी पाच मिनिटांत लावून टाकलात: आजीने चुकीचं बटण दाबलं. मी कोणतंही चुकीचं बटण दाबलेलं नव्हतं. काय घडलं ते मी लिहून ठेवते आहे, कारण तोंडी सांगितलेलं तुम्ही हसण्यावारी नेता.

त्या सकाळी अकोल्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. शेवटी ती आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, छातीत गाठ हाय. तपासाले देली. पोरीले सांगू नोको. तिच्या सासूले समजलं तर पाठवनार नाही थे."

तिच्या मुलीला आठवा महिना सरत आला होता. सासर शेंदूरजनाघाटला, संत्र्याच्या बागा असलेलं घर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. बहिणीने त्यासाठी मागची खोली रंगवून घेतली होती, खिडकीला जाळी बसवली होती, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. रिपोर्ट येईपर्यंत गप्प राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. ते योग्य की अयोग्य, यावर तुमच्या आईचं मत वेगळं आहे, असू दे. सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क बहिणीचा होता, कारण गाठ तिची होती.

मी कॉल बंद केला, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला, आमच्या शाळेच्या घंटेची गोष्ट सांगितली आणि पाठवून दिली. स्वतःचं बोलणं परत ऐकायची मला हौस नाही. तुम्ही मात्र ऐकलंत. माझ्या पहिल्या शब्दाआधी बहिणीचा आवाज होता: "गाठ हाय… पोरीले सांगू नोको." ग्रुपवर भाचीही होती.

दुपारी बहिणीचा फोन आला. "ताई, तुले एकच गोष्ट सांगतली होती."

"मी कोणाला सांगितली नाही गं."

"मंग माया आवाज का भुतानं पाठवला?"

तिने फोन ठेवला. संध्याकाळी भाचीच्या सासूने कळवलं की आजारी विहिणीवर बाळंतपणाचा भार टाकणं बरं नाही, सून इथेच राहील. बोलणं इतकं समजूतदार होतं की त्यावर भांडताही येईना.

अमरावतीतल्या लॅपटॉपच्या दुकानात गेले. दुकानदार हसून म्हणाला, "आजी, या वयात होतं असं. कुठलं तरी बटण दबून जाते."

"कुठलं ते दाखवा."

त्याने दोन-चार ठिकाणी दाबून पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग मी घरी दारं-खिडक्या लावून घेतल्या. लॅपटॉपवर बातम्या लावल्या, त्या बंद केल्या आणि लगेच तोंडातून शब्द न काढता रेकॉर्ड केलं. ऐकलं, तर सुरुवातीला बातम्या देणारी बाई. नंतर आरती लावून पाहिली, भरल्या वांग्याच्या कृतीचा व्हिडिओ लावून पाहिला. प्रत्येक वेळी आधीच्या आवाजाचं शेपूट पुढच्या रेकॉर्डिंगच्या तोंडाशी चिकटलेलं. ते सगळं मी तुमच्यातल्या थोरल्याकडे, म्हणजे तिकडे संगणकाचंच काम करणाऱ्याकडे पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "आजी, सॉरी. तुझी चूक नाही."

त्याने समजावलं ते असं. आवाज आत-बाहेर नेताना संगणक आपल्या मेमरीतला एक कप्पा वापरतो, त्याला बफर म्हणतात. तो सांभाळायचं काम ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचं. कॉल संपला की तोच कप्पा रेकॉर्डिंगला मिळतो. देण्याआधी त्यात शून्यं भरून तो पुसायचा असतो. माझ्या लॅपटॉपचा ड्रायव्हर पुसत नव्हता. माइकचा आवाज येऊन पोहोचण्याआधीच कप्प्यातलं जुनं बोलणं माझं म्हणून पुढे जात होतं. "पुसायला कितीसा वेळ लागतो?" मी विचारलं. "जवळजवळ काहीच नाही," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं ते इथे. आपल्या घरात एकाचा पाण्याचा पेला विसळल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात कोणी देत नाही. त्यासाठी शिकावं लागत नाही. आणि हे शिकलेले लोक एका बाईचं पोटातलं बोलणं कप्प्यात तसंच ठेवतात आणि पुढच्याला देऊन मोकळे होतात! मी कंपनीला स्वच्छ इंग्रजीत, पुराव्यासकट तक्रार लिहिली. उत्तर आलं, "हेडफोन वापरून पाहा." काही आठवड्यांनी एक अपडेट आला आणि ते शेपूट गेलं. अपडेटखाली लिहिलं होतं: ध्वनिविषयक किरकोळ सुधारणा. किरकोळ!

अपडेट येण्याआधीच मी लॅपटॉप पिशवीत घालून बसने अकोल्याला गेले होते. बहिणीने दार उघडलं, पाणी दिलं. मी तिच्यासमोर भजन लावलं, बंद केलं, रेकॉर्ड केलं, ऐकवलं.

"अजून एकडाव कर."

पुन्हा केलं.

"म्हंजे तू नाही सांगतलं."

"नाही."

तिने त्या डबड्याकडे बोट केलं. "मंग त्या मशीनवाल्याले सांग ना, ताई. म्हनावं, माया पोरीले इथं आनून दे."

रिपोर्ट चांगला आला, गाठ साधी निघाली. पण तोवर भाचीचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. मुलगा शेंदूरजनाघाटला झाला. आम्ही दोघी डिंकाचे लाडू आणि ती दुपटी घेऊन गेलो. पाहुण्यांसारख्या समोरच्या खोलीत बसलो, चहा घेतला. बाळाच्या अंघोळीची वेळ झाली तेव्हा बहीण उठली आणि तशीच थांबली.

"मी न्हाऊ घालू का याले?" तिने विहिणीला विचारलं.

विहीण चांगली बाई आहे, लगेच हो म्हणाली. पण माझ्या बहिणीला विचारावं लागलं.